स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाबरोबर घर चालवताना : कुटुंबासाठी सविस्तर मार्गदर्शक

मनोविकार विभागातून रुग्णाला घरी सोडतात तेव्हा बहुतेक कुटुंबांच्या हाती औषधांची चिठ्ठी, पुढच्या तपासणीची तारीख आणि 'औषधे वेळेवर द्या, ताण देऊ नका' एवढी सूचना असते. ताण द्यायचा नाही म्हणजे नेमके काय करायचे, मुलगा दुपारी बारापर्यंत अंथरुणात असेल तर त्याला उठवायचे की नाही, 'शेजारचे माझ्याविषयीच बोलतात' असे तो म्हणाला तर त्याला काय उत्तर द्यायचे, गावाहून येणाऱ्या काकांना कितपत सांगायचे, या प्रश्नांची उत्तरे त्या चिठ्ठीवर नसतात. औषधांनी भास आणि भ्रम आटोक्यात येतात. त्यानंतर माणूस पुन्हा आजारी पडतो की हळूहळू आपल्या पायावर उभा राहतो, हे बऱ्याच अंशी घरातल्या बोलण्यावर, घरच्यांच्या अपेक्षांवर आणि रोजच्या दिनक्रमावर ठरते. म्हणून पुढील विवेचन रुग्णापेक्षा त्याच्या घरच्यांना उद्देशून केले आहे.

पहिली पायरी : आजाराविषयी घरातल्या सर्वांनी एकाच वेळी ऐकावे

स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा मेंदूच्या कार्याशी निगडित आजार आहे. पुरुषांमध्ये तो बहुधा विशीच्या आगेमागे आणि स्त्रियांमध्ये त्याहून काही वर्षे उशिरा सुरू होतो. त्याची लक्षणे दोन प्रकारची असतात आणि हा फरक घरातल्या प्रत्येकाला समजणे फार आवश्यक आहे. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवत आहे किंवा जेवणात काही घालत आहे अशी पक्की खात्री असणे, बोलण्याचा धागा तुटणे, ही लक्षणे सर्वांच्या डोळ्यांत भरतात. दुसऱ्या प्रकारची लक्षणे मात्र आजार म्हणून ओळखलीच जात नाहीत: उत्साह आटणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे, बोलणे मोजके होणे, अंघोळ आणि दाढीचाही कंटाळा येणे, मित्र तुटणे. पहिल्या प्रकारची लक्षणे औषधांनी बरीच कमी होतात; दुसऱ्या प्रकारच्या लक्षणांवर औषधांचा परिणाम बेताचाच होतो आणि ती महिनोन्‌महिने रेंगाळतात. आता बरा झाला आहे, मग काम का करत नाही, हा घरोघरचा प्रश्न याच ठिकाणी जन्म घेतो. तो आळस नाही. आजाराचा उरलेला आणि अधिक चिवट भाग तो आहे.

अनेक घरांत डॉक्टरांना एकटी आई भेटते, वडील औषधांचा खर्च करतात, भाऊ लांबून ऐकतो आणि आजी आपल्या समजुतीप्रमाणे दृष्ट काढते. परिणामी घरात एकाच माणसाविषयी चार मते नांदतात आणि ती चारही त्याच्या कानावर पडतात. म्हणून घरी आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातच डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयातील समाजसेवकांकडे कुटुंबासाठी स्वतंत्र वेळ मागून घ्यावा आणि त्या भेटीला घरात राहणाऱ्या सर्व मोठ्या माणसांनी जावे. जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: निदान काय आहे, औषध किती काळ चालेल, कोणते दुष्परिणाम दिसतील, कोणत्या लक्षणांवर लगेच फोन करायचा.

याच भेटीत अपराधीपणाचा विषयही निघावा. 'आमच्याकडून संस्कारांत काही कमी पडले का', 'मी त्याला दहावीच्या वर्षी मारले म्हणून असे झाले का', असे आईवडील मनाशी वर्षानुवर्षे घोळवत राहतात. पालकांच्या वागण्यामुळे स्किझोफ्रेनिया होतो हे मत एके काळी पाश्चात्त्य मानसशास्त्रात प्रचलित होते. पुढे ते टाकून दिले गेले. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा आहे, तरीही आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असताना दहापैकी साधारण नऊ मुलांना तो होत नाही. घरच्या वातावरणाने आजार निर्माण होत नाही. तो पुन्हा उफाळतो की शांत राहतो यावर मात्र त्याचा प्रभाव पडतो. या दोन वाक्यांतला फरक ज्या घराला उमगतो, तेथे दोष देणे थांबते आणि काम सुरू होते.

देवऋषी, अंगारा आणि 'बाहेरचे' यांविषयीही येथेच बोलून घ्यावे. आजीने नवस बोलल्याने किंवा देवळात नेल्याने काही बिघडत नाही आणि त्यावरून वाद घालून घरात आणखी एक भांडण उभे करू नये. अट एकच ठेवावी: औषधाची एकही मात्रा चुकता कामा नये आणि रुग्णाला उपाशी ठेवणे, मारणे, धुरी देणे किंवा बांधून ठेवणे यांपैकी काहीही होता कामा नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साखळदंडाने बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

औषधे : कोणी द्यायची, किती काळ, आणि कशावर लक्ष ठेवायचे

आजार उलटण्याचे सर्वांत मोठे कारण औषध बंद होणे हे आहे. बरे वाटले म्हणून, झोप फार येते म्हणून, लग्न ठरले म्हणून, 'आयुष्यभर गोळ्या खाऊन किडनी खराब होईल' असे कोणी सांगितले म्हणून गोळ्या थांबतात. थांबवल्यानंतर पहिले काही आठवडे काहीच होत नाही, उलट माणूस अधिक तरतरीत दिसतो, आणि त्यामुळेच कुटुंबाची फसगत होते. पहिल्यांदा आजारी पडल्यानंतर लक्षणे गेली तरी किमान एक ते दोन वर्षे आणि आजार पुन्हा उलटला असेल तर त्याहून पुष्कळ अधिक काळ औषध घ्यावे लागते. ते कमी करायचे की नाही हा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून आणि टप्प्याटप्प्यानेच घ्यावा.

घरात औषधाची जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी आणि ती नसताना कोण पाहील हेही ठरलेले असावे. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी आणून ती रविवारी रुग्णासमवेतच भरावी. गोळी आपल्या हाताने घेण्याची सवय त्याला लागणे हे अंतिम ध्येय आहे. चहात किंवा भाजीत चोरून औषध मिसळण्याचा मोह पुष्कळ घरांना होतो. ज्याला आधीच जेवणात विष कालवले जात असल्याचा संशय आहे, त्याला हे एकदा जरी कळले तरी त्याचा घरावरचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवायला वर्षे लागतात. गोळ्या घेण्यास तो सतत नकार देत असेल तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यावयाचे दीर्घकाळ परिणाम करणारे इंजेक्शन उपलब्ध आहे; त्याविषयी डॉक्टरांना आपणहून विचारावे.

नकारामागे बहुतेक वेळा दुष्परिणाम असतात, आणि ते खरे असतात. हातांची थरथर, अंग आखडणे, एका जागी बसवेना अशी तगमग, झोपेत लाळ गळणे, वजन झपाट्याने वाढणे, स्त्रियांची पाळी थांबणे, लैंगिक तक्रारी, यांविषयी रुग्ण संकोचाने बोलत नाही आणि एके दिवशी गोळी खिडकीतून फेकून देतो. 'काही होत नाही, घे मुकाट्याने' असे म्हणण्याऐवजी त्रास तारखेनिशी वहीत नोंदवून डॉक्टरांना दाखवावा. मात्रा किंवा औषध बदलून यातील बरेच त्रास कमी करता येतात. तगमगीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण घरचे लोक ती आजार वाढल्याची खूण समजतात. ओलान्झापीनसारख्या औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढण्याचा धोका असल्याने वजन, कंबर, रक्तदाब आणि साखर यांची नियमित तपासणी ठेवावी. दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही फरक पडला नाही तर क्लोझापीन या औषधाचा विचार होतो. त्यासाठी सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची तपासणी करावी लागते आणि मध्येच ताप आला किंवा घसा दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे लागते. धूम्रपानामुळे क्लोझापीन आणि ओलान्झापीन यांची रक्तातील पातळी घटते, म्हणून विडी-सिगारेट सुटली किंवा पुन्हा सुरू झाली तर तेही डॉक्टरांना सांगावे. गांजा मात्र पूर्ण बंद हवा, कारण तो आजार थेट भडकावतो.

घरातले बोलणे

लंडनमध्ये १९५० च्या दशकात समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. रुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेल्या रुग्णांपेक्षा अधिक प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते. पुढच्या दोन दशकांत ब्राऊन आणि नंतर ख्रिस्टीन व्हॉन व ज्युलियन लेफ यांनी या घरांतले बोलणे पद्धतशीरपणे अभ्यासले, तेव्हा तीन गोष्टी आजार उलटण्याशी जोडलेल्या दिसल्या: सतत टीका, उघड वैरभाव आणि जीव गुदमरेल इतकी अति काळजी. अशा घरात दर आठवड्याला ३५ तासांहून अधिक काळ समोरासमोर जात असेल तर धोका आणखी वाढत होता. १९८० च्या दशकात हाच अभ्यास चंदीगडमध्ये झाला. लंडनच्या तुलनेत तेथील कुटुंबांत टीका बरीच कमी आढळली, परंतु वैरभाव होता तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिकच होते.

हे निष्कर्ष मराठी घरात आणून पाहिले तर माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष तिसऱ्या गोष्टीकडे द्यायला हवे. टीका आपल्याला निदान ऐकू तरी येते. अति काळजी मात्र प्रेमाच्या नावावर खपते. तीस वर्षांच्या मुलाला हाताने भरवणारी, त्याच्याविषयी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतः देणारी, तो न्हाणीघरात गेला की दाराबाहेर उभी राहणारी आणि त्याच्यासाठी स्वतःचे सर्व जगणे बाजूला ठेवणारी आई कोणालाही दोषी वाटत नाही, आणि ती दोषी नाहीच. तरीही त्या मुलाला प्रत्येक क्षणी हेच कळत राहते की आपल्याकडून काही होणार नाही. ज्याच्या मेंदूला आलेली माहिती चाळणे आणि वेगळी करणे आधीच अवघड जाते, त्याच्यावर आईची भीती, रडणे आणि शपथा यांचा भार सतत पडत राहिला तर तो भार टीकेइतकाच जड होतो.

यासाठी रोजच्या बोलण्यात काही ठरावीक बदल करावेत. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, छोट्या वाक्यात सांगावी, आणि उत्तरासाठी थांबावे. त्याला शब्द सापडायला वेळ लागतो, तो मध्ये बोलून भरून काढू नये. तक्रार माणसाविषयी न करता घटनेविषयी करावी. 'दिवसभर नुसता लोळतोस, तुझ्या वयाची मुले घर चालवतात' या वाक्यातून त्याच्या हाती अपमानाशिवाय काही लागत नाही. 'बाळा, आज दहाच्या आत तुझी अंघोळ झाली तर आपण दोघे भाजी आणायला जाऊ' यात काय करायचे, केव्हा करायचे आणि त्यानंतर काय, हे तिन्ही आहे. झालेल्या गोष्टीची दखल त्याच दिवशी आणि नेमक्या शब्दांत घ्यावी: 'तू आज स्वतःहून ताट उचललेस, मला मदत झाली.' लहान मुलाला शाबासकी द्यावी तसा सूर मात्र नसावा.

त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलू नये. 'हा असा झाला तेव्हापासून' अशी सुरुवात करून पाहुण्यांपुढे सगळा इतिहास सांगितला जातो आणि तो शेजारच्या खोलीत सारे ऐकत असतो. नातेवाइकांना काय सांगायचे ते त्यालाच विचारून ठरवावे. 'त्याला मानसिक आजार आहे, उपचार चालू आहेत, हळूहळू बरे वाटत आहे' एवढे पुरेसे असते आणि काका-मामांच्या पुढच्या प्रश्नांना 'डॉक्टर बघत आहेत' हे उत्तर पुरते. घरात नवरा-बायकोची किंवा सासू-सुनेची कडाक्याची भांडणे होत असतील तर ती त्याच्याशी संबंधित नसली तरी त्याच्या भ्रमांना खाद्य पुरवतात.

दर आठवड्याचे समोरासमोरचे तास कमी करणे हाही उपचाराचा भाग आहे. वन-रूम-किचनमध्ये हे कठीण असते, हे मान्य. तरीही दिवसातले दोन-तीन तास त्याने वाचनालयात, देवळात, मैदानात किंवा पुनर्वसन केंद्रात घालवावेत आणि आईनेही दिवसातून एकदा एकटीने घराबाहेर पडावे. दोघांनाही त्याचा फायदा होतो. घरात पडदा लावून केलेला का होईना, त्याच्या हक्काचा एक कोपरा असावा आणि तेथे न विचारता कोणी जाऊ नये.

भास आणि भ्रम यांविषयी तो बोलू लागला तर

भ्रमाला होकार देऊ नये आणि तो खोडूनही काढू नये. 'हो, शेजारचे आहेतच तसे' म्हटले तर संशयाला साक्षीदार मिळतो. 'वेड्यासारखे बोलू नकोस, कोणी काही करत नाही' म्हटले तर तो पुढच्या वेळी सांगणार नाही आणि आपल्याला आजार वाढल्याचे कळणारच नाही. मुद्दा सोडून भावनेला उत्तर द्यावे: 'तुला तो आवाज ऐकू येतो आहे. मला येत नाही. पण तुला त्याची भीती वाटते आहे हे दिसते आहे. आपण आत बसू या का?' आवाजांचा जोर असतानाच्या वेळी कानाला हेडफोन लावून गाणी ऐकणे, मोठ्याने वाचणे, चालायला जाणे, कोणाशी तरी बोलणे यांचा अनेकांना उपयोग होतो. त्याला कशाने बरे वाटते ते त्याच्याकडूनच समजून घेऊन लिहून ठेवावे. आवाज काय सांगतात हे शांतपणे विचारणे धोक्याचे नसते. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा हुकूम ते देत असतील तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

दिनक्रम आणि काम

सुरुवात झोपेपासून करावी. रात्री जागून दिवसा झोपण्याचे चक्र औषधांमुळे आणि आजारामुळे लवकर बसते. रात्रीची मात्रा लवकर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारून उठण्याची वेळ दर आठवड्याला अर्ध्या तासाने अलीकडे आणावी. त्यानंतर एक काम धरावे, तेही अगदी लहान आणि रोजचे: दूध आणणे, कुंड्यांना पाणी घालणे, आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे. ते तीन-चार आठवडे टिकले की दुसरे जोडावे. पाच गोष्टींचे वेळापत्रक भिंतीवर लावून दोन दिवसांत ते मोडणे यापेक्षा महिनाभर एक काम टिकणे फार मोलाचे आहे, कारण त्यातून त्याला स्वतःविषयी काही नवे कळते.

शिक्षण आणि नोकरीची घाई येथे नडते. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी आजारी पडलेल्या मुलाला लगेच परीक्षेला बसवले जाते, तो नापास होतो आणि आजार उलटतो. एक-दोन विषय, अर्धवेळ काम, ओळखीच्या दुकानात दोन तास, अशा पायऱ्या कराव्यात. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्णांचे पुनर्वसन आणि कुटुंबांचे स्वमदत गट या दोन्ही गोष्टी करते. तिची स्थापना डॉ. जगन्नाथ वाणी यांनी केली, ज्यांच्या पत्नीला हा आजार होता. ठाण्यातील इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, येथेही रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी गट आहेत. लहान गावात अशी सोय नसते. तेथे बचत गट, ग्रंथालय, शेतातले ठरावीक काम किंवा ओळखीच्या कारागिराचे दुकान हेच पुनर्वसन केंद्र करावे लागते. गोवा, सातारा आणि तामिळनाडू येथे झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्रशिक्षण दिलेल्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरी जाऊन औषधे, दिनक्रम आणि कुटुंबाशी संवाद यांसाठी मदत केली, तेव्हा नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा रुग्णांची स्थिती काही प्रमाणात अधिक सुधारली. सुधारणा माफक होती आणि ती ग्रामीण तामिळनाडूत सर्वांत ठळक दिसली. मानसोपचारतज्ज्ञ दूर असलेल्या भागात घरच्यांच्या आणि गावकऱ्यांच्या हातून बरेच काही होऊ शकते, असा आधार त्यातून मिळतो.

पूर्वसूचना ओळखणे आणि संकटाची तयारी

आजार सहसा एका रात्रीत उलटत नाही. त्याआधी काही दिवस ते काही आठवडे प्रत्येक रुग्णाच्या ठरावीक खुणा दिसतात: एकाची झोप उडते, दुसरा खिडक्या बंद करू लागतो, तिसरा जेवताना ताट हुंगतो, चौथी फोन बंद ठेवते. मागच्या वेळी काय काय आणि कोणत्या क्रमाने झाले हे रुग्ण बरा असताना त्याच्यासह बसून लिहावे. त्या कागदावर पहिली खूण दिसताच काय करायचे, कोणाला फोन करायचा, जवळचे कोणते रुग्णालय गाठायचे, सोबत कोण येईल, गाडी कोणाची, हे सारे असावे आणि त्याची एक प्रत भावाकडे किंवा बहिणीकडे द्यावी.

आत्महत्येचा विचार या तयारीतून वगळू नये. या आजारातील शंभरांपैकी सुमारे पाच जणांचा मृत्यू आत्महत्येने होतो आणि आजाराची सुरुवातीची वर्षे व रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे दिवस अधिक जोखमीचे असतात. भास कमी झाल्यावर आपले काय गमावले आहे ते त्याला स्वच्छ दिसू लागते, हेही त्यामागचे एक कारण आहे. 'जगू नये असे वाटते का' हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. कीटकनाशके शेतावरही कुलपाबाहेर ठेवू नयेत आणि घरात महिन्याभराच्या गोळ्या उघड्या नसाव्यात. असा विचार बोलून दाखवला तर त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांना लगेच कळवावे. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. तातडीच्या धोक्यात ११२ वर फोन करावा. गुन्हा नोंदवला जाईल या भीतीने रुग्णालयात न्यायला उशीर करू नये, कारण असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो.

माणूस हिंसक झाला तर घेराव घालू नये, दार अडवू नये, आवाज चढवू नये. लहान मुले आणि वृद्ध यांना आधी दुसरीकडे न्यावे. वरील कायदा २९ मे २०१८ पासून लागू असून त्याच्या काही तरतुदी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असाव्यात. रुग्ण बरा असताना साध्या कागदावर लिहून आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमू शकतो. तो दाखल होण्यास नकार देत असेल आणि त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर त्या प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर त्याला प्रथम ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत आवश्यक उपचार देऊ शकतो. आजारामुळे भटकणाऱ्या किंवा धोक्यात असलेल्या व्यक्तीला ताब्यात घेऊन सार्वजनिक आरोग्य केंद्रात पोहोचवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे. परंतु पहिली पायरी म्हणून जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठावा.

कागदपत्रे

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केल्यानंतर शासकीय रुग्णालयातील मंडळ स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम या चार बाबी तपासून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर योजनांचा आणि आरक्षणाचा लाभ मिळू शकतो. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी पालकांना ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट घेता येते. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे असे कायदा सांगतो, म्हणून विमा नाकारला गेला तर लेखी कारण मागावे. पहिल्या दिवसापासूनच्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्डे एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवली तर यांतली अर्धी धावपळ वाचते.

लग्नाचा प्रश्न

'लग्न करून दिले की जबाबदारी येईल आणि सुधारेल' हा सल्ला प्रत्येक कुटुंबाला कोणीतरी देतेच. लग्नाने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही. जागरण, गर्दी, नवे घर आणि गुपचूप बंद केलेली औषधे यांमुळे लग्नानंतरच्या काही महिन्यांत आजार उलटण्याची शक्यता वाढते. आजार लपवून लग्न लावणे हा समोरच्या व्यक्तीवर अन्याय आहे, आणि हिंदू विवाह कायद्यानुसार असा विवाह न्यायालयाकडून रद्दही होऊ शकतो. याचा अर्थ लग्न करूच नये असा मुळीच नाही. दोन-तीन वर्षे प्रकृती स्थिर असेल, स्वतःची औषधे स्वतः घेता येत असतील, रुग्णाची स्वतःची इच्छा असेल आणि समोरच्या व्यक्तीने डॉक्टरांना भेटून सर्व जाणून घेतले असेल, तर असे संसार नीट चालतात.

आजारी व्यक्ती सून असते तेव्हा गोष्टी अधिक निष्ठुर होतात. 'बरी झाली की आणा' म्हणून तिला माहेरी पाठवले जाते, तेथे वृद्ध आईवडिलांकडे औषधांना पैसे नसतात आणि तिची मुले सासरी राहतात. नवरा आजारी असेल तर त्याची सेवा हे बायकोचे कर्तव्य मानणाऱ्या घरांनी हा नियम उलट दिशेनेही लावावा, असे मला ठामपणे वाटते. मूल होण्याचा विचार असेल तर गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषधांची आखणी करावी. दिवस गेल्याचे कळताच घाबरून सर्व गोळ्या बंद करणे आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचे असते.

काळजी घेणाऱ्याची तब्येत, आणि 'आमच्यानंतर काय'

एकाच माणसावर, बहुधा आईवर, वर्षानुवर्षे भार पडतो आणि तिचा रक्तदाब, गुडघे आणि झोप यांकडे कोणाचे लक्ष नसते. आठवड्यातून एक दिवस बहिणीने, आत्याने किंवा चुलत भावाने रुग्णासोबत थांबावे आणि त्या दिवशी आईने घरचे काम उरकत न बसता खरोखर बाहेर जावे, असा लेखी वार लावून घ्यावा. स्वमदत गटात जाणे हा यावरचा सर्वांत उपयुक्त उपाय आहे. तेथे बसलेल्या अनोळखी बाईने 'आमच्याकडेही असेच होते' म्हटल्यावर जो धीर येतो तो नातेवाइकांच्या सहानुभूतीतून येत नाही. आईला सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल, मनात सर्व संपवण्याचे विचार येत असतील तर तिलाही उपचारांची गरज आहे.

पालक साठीच्या पुढे गेले की 'आमच्यानंतर' हा विषय टाळू नये. भावंडांकडून 'आम्ही बघू' असे मोघम आश्वासन न घेता कोण काय बघणार हे विचारावे: एकजण औषधे आणि तपासण्या, दुसरा पैशांचे व्यवहार, तिसरी महिन्यातून दोनदा भेट. मृत्युपत्र करावे आणि घराचा किंवा रकमेचा वापर रुग्णासाठी कसा व्हावा ते वकिलाच्या मदतीने स्पष्ट लिहावे. खासगी न्यास करणे हा एक मार्ग आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातील पालकत्वाची सोय आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठीच आहे, स्किझोफ्रेनियाला ती लागू नाही, हे लक्षात घेऊन पुढची आखणी करावी. आई किंवा वडील सरकारी सेवेतून निवृत्त झालेले असतील तर मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी अपत्याचे नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आपल्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या कागदांवर नोंदवून घ्यावे, कारण नंतर ते काम एकट्या रुग्णाला जड जाते.

आणि या सर्वांबरोबर, पालक असतानाच त्याला एकट्याने करता येतील अशी कामे शिकवायला घ्यावीत: वरण-भात लावणे, बँकेतून पैसे काढणे, वीजबिल भरणे, औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवून गोळ्या घेणे, तपासणीच्या तारखेला रिक्षाने रुग्णालयात जाऊन परत येणे. एका कामाला सहा महिने लागले तरी चालतील. पहिल्यांदा सोबत जावे, नंतर दुकानाबाहेर थांबावे, त्यानंतर घरीच थांबावे.